ड्राय हॉपनंतर बाटलीत पुन्हा पेटलेलं किण्वन: वीस लिटर हेझी आयपीएचं प्रकरण

दोन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर (बियरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणाऱ्या तरंगत्या नळीवर; साखर आंबते तशी ती उतरते) एकच आकडा आला की किण्वन संपलं, हा घरी बियर करणाऱ्यांचा पहिला नियम. या प्रकरणात तो नियम नीट पाळला गेला, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात एक बाटली फुटली, बाकीच्या उघडताच फेसाळून अर्ध्या रिकाम्या झाल्या. चूक हायड्रोमीटरची नव्हती, वाचणाऱ्याचीही नव्हती. ते वाचन हॉप्स (बियरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) टाकण्याआधीच्या बियरचं होतं, बाटलीत गेली ती हॉप्स टाकल्यानंतरची. उकळीत न टाकता असे नंतर टाकलेले हॉप्स म्हणजे ड्राय हॉप. या दोन बियर यीस्टच्या दृष्टीने वेगळ्या आहेत.

हेझी आयपीएचा (गढूळ, हॉप्सच्या सुगंधाने भरलेल्या बियरचा) इथला बॅच नमुन्यादाखल मांडलेला आहे, पण त्यातले आकडे अशा बियरमध्ये नेहमी दिसणाऱ्या पट्ट्यातलेच आहेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार ते १९७९ पासून चालतं. त्यामुळे पुढचा तपशील कामाचा आहे तो मुख्यतः परदेशात घरी बियर करणाऱ्या मराठी मंडळींना, आणि पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत टाक्या सांभाळणाऱ्यांना.

बॅच

फर्मेंटरमध्ये २० लिटर वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी. माल्टमध्ये ४.२ किलो पेल माल्ट, ८०० ग्रॅम गव्हाचं माल्ट आणि १ किलो ओट्सचे पोहे. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६८ अंश सेल्सियसला एक तास. तोंडात भरीवपणा यावा म्हणून हे तापमान मुद्दाम चढं ठेवलेलं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०६२. यीस्ट लंडन एल प्रकारचं, किण्वन १९ अंशाला.

सहाव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१५, आठव्या दिवशीही १.०१५. त्याच दिवशी सिट्रा आणि कॅस्केड या हॉप्सच्या जातींचे मिळून १६० ग्रॅम पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) टाकले, म्हणजे लिटरमागे ८ ग्रॅम. फर्मेंटर १९ अंशालाच ठेवला. हॉप्स पडल्यावर काही तासांत एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) पुन्हा बुडबुडू लागला. पेलेटच्या कणांभोवती विरघळलेला वायू सुटतो, तसंच असेल असं धरलं गेलं. पहिल्या तासाभरापुरतं हे स्पष्टीकरण खरंही असतं. बुडबुडे दुसऱ्या दिवशीही चालू होते, तिथे मात्र थांबून पुन्हा ग्रॅव्हिटी घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही.

अकराव्या दिवशी बियर बाटल्यांत भरली. तळाचा गाळ सोडून १८ लिटर हाती आली. २.४ व्हॉल्यूम (लिटरभर बियरमध्ये २.४ लिटर) कार्बन डायऑक्साइडचा हिशेब धरून ११० ग्रॅम साखर उकळलेल्या पाण्यात विरघळवून प्रायमिंगसाठी, म्हणजे बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून, घातली, म्हणजे लिटरमागे साधारण ६ ग्रॅम. पाच दिवसांनी काही बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या, बाकीच्या खोलीतच राहिल्या. खोली २४ अंशांच्या आसपास होती.

लक्षणं

एकाच बॅचमधून दोन वेगळ्या तक्रारी आल्या, आणि निदानाची किल्ली त्यातच होती. खोलीतल्या बाटल्या उघडताच उसळत होत्या, पण चव स्वच्छ आणि अंगाने जरा हलकी. फ्रिजमधल्या बाटल्यांत वायू अगदी बेताचा, पण वास लोण्याचा, सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नसारखा. हॉप्सचा संत्र्या-आंब्याकडे झुकणारा सुगंध त्या वासाखाली दबून गेलेला.

वायू पूर्ण झटकून २० अंशाला ग्रॅव्हिटी घेतली तेव्हा खोलीतल्या बाटलीत १.०११ आणि फ्रिजमधल्या बाटलीत १.०१४ असा आकडा आला. पीएच ड्राय हॉपआधी ४.४ होता, आता ४.५५. (वाचन हायड्रोमीटरनेच घ्यावं. अल्कोहोल तयार झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा दुरुस्तीशिवाय धरता येत नाही, आणि एक-दोन अंकांचा (एक अंक म्हणजे ०.००१) फरक शोधायचा असेल तर दुरुस्ती करूनही धरू नये.)

काय काय वगळलं

जादा वायू दिसला की पहिला संशय संसर्गावर जातो. पण लॅक्टिक जिवाणू असते तर पीएच खाली गेला असता आणि आंबटपणा आला असता. इथे पीएच उलट वर गेला, आणि ड्राय हॉपिंगने तो तसाच वर जातो. बाटलीच्या गळ्याशी कडं नाही, पृष्ठभागावर साय नाही, लवंगेसारखा वा औषधी वास नाही.

दुसरा संशय साखर नीट न मिसळल्याचा. तसं असतं तर काही बाटल्या उसळल्या असत्या आणि काही मिळमिळीत निघाल्या असत्या. खोलीतल्या सगळ्या बाटल्या सारख्याच वागल्या. शिवाय मिसळण्यातल्या चुकीने ग्रॅव्हिटी चार अंक उतरत नाही. प्रायमिंगच्या साखरेतून येणाऱ्या अल्कोहोलने ती जेमतेम अर्धा अंक उतरते.

तिसरा संशय डायास्टॅटिकस यीस्टचा, आणि तो गांभीर्याने घ्यावाच लागतो. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच्या या प्रकारात एसटीए१ हे जनुक असतं. त्यामुळे यीस्ट स्वतःच ग्लुकोअमायलेज एन्झाइम बाहेर सोडतं आणि डेक्स्ट्रिन (साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरेच्या लांब साखळ्या) कापून खात राहतं. अशी बियर हॉप्स असोत वा नसोत उतरत जाते, पुष्कळदा १.००५ च्याही खाली. इथे निकाल लावला तो बाजूला ठेवलेल्या एका नमुन्याने. आठव्या दिवशी हॉप्स टाकण्याआधी अर्धा लिटर बियर यीस्टसकट बरणीत काढून एअरलॉक लावून त्याच खोलीत ठेवली होती. तिची ग्रॅव्हिटी तीन आठवड्यांनीही १.०१५. तेच वर्ट, तेच यीस्ट, तोच काळ, फरक फक्त हॉप्सचा. अशी बरणी प्रत्येक ड्राय हॉप बॅचला ठेवावी. खर्च अर्ध्या लिटरचा, पण तिच्याशिवाय बाकी सगळं निदान अंदाजावर चालतं.

हॉप्स यीस्टला काय पुरवतात

हॉप्सच्या फुलात राळ आणि तेलं असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या फुलाच्या हिरव्या पाकळ्यांत स्टार्च कापणारी एन्झाइमंही असतात, अल्फा अमायलेज, बीटा अमायलेज, लिमिट डेक्स्ट्रिनेज आणि अमायलोग्लुकोसिडेज. माल्टच्या तुलनेत त्यांचं प्रमाण नगण्य आहे. पण मॅशला तासभर मिळतो, ड्राय हॉपला दिवसच्या दिवस. उकळीत पडलेल्या हॉप्सची एन्झाइमं उष्णतेने मरतात. ड्राय हॉप्सनी ती उष्णता पाहिलेलीच नसते. वाळवणीच्या भट्टीत हॉप्स साधारण ५० ते ६५ अंशांपर्यंत तापतात, तेवढ्याने ही एन्झाइमं पूर्ण निकामी होत नाहीत.

आता ६८ अंशाच्या मॅशकडे परत जाऊ. त्या तापमानाला माल्टचं बीटा अमायलेज लवकर मरतं आणि लांब साखळीची डेक्स्ट्रिनं भरपूर उरतात. लंडन एल यीस्टला ती खाता येत नाहीत, म्हणून ग्रॅव्हिटी १.०१५ वर थांबली. हॉप्सच्या एन्झाइमनी तीच डेक्स्ट्रिनं कापून माल्टोज आणि ग्लुकोज मोकळे केले, आणि बियरमध्ये तरंगणाऱ्या यीस्टने ते सुटतील तसे खाल्ले. यालाच हॉप क्रीप म्हणतात.

यात एक बारकावा आहे. बियरमध्ये यीस्टच नसेल तर एन्झाइम डेक्स्ट्रिन कापतं, साखर साठते, पण ग्रॅव्हिटी जवळजवळ हलत नाही, कारण विरघळलेला ऐवज तेवढाच राहतो. म्हणून यीस्ट खाली बसवलेल्या थंड बियरचं स्थिर वाचन काहीच सिद्ध करत नाही. साखर तयार होऊन बसलेली असू शकते, आणि बियर गरम जागी गेली की थोडंसं यीस्टही तिला पुरतं.

ही गोष्ट नवीनही नाही. बर्टन-ऑन-ट्रेंटमध्ये काम करणाऱ्या होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पिंपात घातलेले कोरडे हॉप्स बियरमध्ये पुन्हा किण्वन जागवतात आणि त्यामागे हॉप्समधलं डायास्टेज (स्टार्च कापणारं एन्झाइम) आहे. मग सव्वाशे वर्षं तिकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण तेव्हाच्या पिंपांत आजच्याइतके हॉप्स पडतच नव्हते. अमेरिकेत ड्राय हॉपचं प्रमाण वाढलं, मेन राज्यातल्या अलागॅश ब्रुअरीला बाटलीत किण्वन होणाऱ्या हॉप्सच्या बियरमध्ये जादा वायू दिसू लागला, आणि प्रश्न पुन्हा वर आला. ओरेगन स्टेट विद्यापीठात किर्कपॅट्रिक आणि शेलहॅमर यांनी २०१८ मध्ये कॅस्केड हॉप्सवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टच्या सोबतीने २० अंशाला ४० दिवसांत बियरचा खरा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे तिच्यात विरघळलेला ऐवज, सुमारे १.९ प्लेटोने (वजनाच्या १.९ टक्क्यांनी) उतरला आणि अल्कोहोल सुमारे १.३ टक्क्यांनी वाढलं. बाटलीच्या दृष्टीने हा आकडा भयंकर आहे.

आपल्या बॅचचा हिशेब त्यामानाने सौम्य, तरी पुरेसा. ग्रॅव्हिटीचा एक अंक, म्हणजे ०.००१, उतरला की लिटरमागे सुमारे २ ग्रॅम साखर आंबते आणि अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. एकूण उतार चार अंकांचा. त्यातला अर्धा अंक प्रायमिंगच्या अल्कोहोलचा, आणि फार तर एक अंक फर्मेंटरमध्येच गेला असेल (तेच ते दुसऱ्या दिवशीचे बुडबुडे). उरलेले अडीच ते साडेतीन अंक बंद बाटलीत उतरले. म्हणजे २.४ च्या वर आणखी १.३ ते १.८ व्हॉल्यूम. मोजून घातलेल्या साखरेइतकीच साखर हॉप्सनी न मोजता घातली. चार व्हॉल्यूम वायूचा दाब २० अंशाला साडेतीन बारच्या घरात जातो आणि ३० अंशाला पाच बारच्या. २.४ व्हॉल्यूमच्या बाटलीत २० अंशाला तो दोन बारच्याही खाली असतो. साधी, परत वापरलेली बियरची बाटली यासाठी केलेली नसते.

लोण्याचा वास कुठून आला

साखर मिळाली की यीस्ट नुसता वायू करत नाही. ते पुन्हा वाढू पाहतं, व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवतं, आणि त्या वाटेवरचं अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट थोडं बाहेर झिरपतं. बियरमध्ये त्याचं आपोआप डायअ‍ॅसिटिल होतं, लोण्याचा वास त्याचाच. दिवस मिळाले आणि ऊब मिळाली तर यीस्टच ते परत शोषून अ‍ॅसिटोइन आणि पुढे ब्युटेनडायॉल करून टाकतं, ज्यांना वास जवळजवळ नसतो.

खोलीतल्या बाटल्यांना तो वेळ मिळाला. तिथे क्रीप पुरता झाला, वायू चढला आणि डायअ‍ॅसिटिल साफ झालं. फ्रिजमध्ये गेलेल्या बाटल्यांत साखर सुटायला लागली होती, अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर पडलं होतं, आणि नेमक्या त्या क्षणी ४ अंशांच्या थंडीने यीस्ट झोपवलं. फुटू नयेत म्हणून उचललेल्या पावलाने फुटणं टळलं, पण वास अडकून राहिला. मायक्रोब्रुअरीत बियर थंड टाकीतूनच दिली जाते, तिथे बाटली फुटण्याचा प्रश्न येत नाही. तिथे हॉप क्रीप ओळखू येतो तो याच वासावरून.

आणि यीस्ट हॉप्सचं काय करतं

व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. हॉप्समधल्या जिरॅनिऑल या गुलाबाच्या वासाच्या घटकातून यीस्ट बीटा-सिट्रोनेलॉल बनवतं, ज्याचा वास लिंबूवर्गी फळांकडे जातो. काही अल्कोहोलांचे एस्टरही होतात, जसं जिरॅनाइल अ‍ॅसिटेट. पॅशनफ्रूट आणि पेरूची आठवण देणारे थायॉल (गंधकयुक्त सुगंधी घटक) हॉप्समध्ये बरेचसे सिस्टीन वा ग्लुटाथायोनला बांधलेले असतात. ते सोडवायला बीटा-लायेज लागतं, आणि सगळ्या यीस्टमध्ये ते सारखं चालत नाही, आयआरसी७ जनुकाच्या रूपावर बरंच ठरतं. या सगळ्याला बायोट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. त्यासाठी ड्राय हॉप तिसऱ्या दिवशी, ऐन किण्वनात टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो.

त्या सल्ल्याचा एक फायदा पक्का आहे. पेलेटसोबत आलेला ऑक्सिजन कामात असलेलं यीस्ट लगेच संपवतं. क्रीपची साखरही मुख्य किण्वनातच खपून जाते, आणि बाटलीत उरणारा धोका कमी होतो. पण किंमतही मोठी आहे. मिर्सीनसारखी उडणारी तेलं कार्बन डायऑक्साइडबरोबर एअरलॉकमधून निघून जातात आणि बरीचशी यीस्टच्या पेशींना चिकटून तळाशी बसतात. महागातले हॉप्स असे घालवणं पटत नाही. जिरॅनिऑल हवंच असेल तर ते उकळीनंतर, वर्ट ८० अंशाला आल्यावर टाकलेल्या हॉप्समधूनही विरघळतं आणि यीस्टपाशी पोचतं. किण्वनात टाकण्यासाठी वेगळा डोस राखण्याची गरज तेवढ्यासाठी नाही. ज्याला गढूळपणा पक्का हवा आहे त्याने तिसऱ्या दिवसाचा डोस जरूर द्यावा, कारण हॉप्सचे पॉलिफेनॉल आणि ओट्स-गव्हाची प्रथिनं त्या धांदलीत चांगली जुळतात. सुगंधासाठी मात्र किण्वन संपल्यावरचा एकच डोस बरा.

तो किती? शेलहॅमर यांच्याच प्रयोगशाळेतल्या लाफॉन्टेन यांच्या कामातून दिसलं की कॅस्केडच्या बाबतीत लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे सुगंध त्या मानाने वाढत नाही, उलट चहापत्ती आणि पाल्याकडे झुकतो. एन्झाइम मात्र प्रत्येक ग्रॅमबरोबर येतच राहतं. आपल्या बॅचमध्ये ५ ग्रॅम पुरले असते.

उरलेल्या बाटल्या

खोलीतल्या बाटल्या हलवण्याआधी डोळ्यांना गॉगल, हातांना जाड हातमोजे, आणि बाटल्यांवर भिजवलेला जाड टॉवेल. त्याच टॉवेलसह त्या झाकणाच्या क्रेटमध्ये घालून फ्रिजमध्ये, शक्य तितक्या शून्याजवळ, दोन दिवस ठेवल्या. थंडीत वायू बियरमध्ये विरघळतो आणि दाब उतरतो. मग एकेक बिल्ला (बाटलीचं पत्र्याचं झाकण) नुसता सैल करून फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबायचं, फेस चढू लागला तर लगेच दाबायचा, आणि शेवटी नवीन बिल्ला बसवायचा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर त्या बाटल्या थंडच ठेवायच्या आणि लवकर संपवायच्या.

फ्रिजमधल्या लोण्याच्या वासाच्या बाटल्यांचा उपाय उलटा आणि धोक्याचा आहे. त्यांना २० अंशाला आणल्याशिवाय यीस्ट डायअ‍ॅसिटिल खाणार नाही, आणि आणलं की राहिलेले अडीच-तीन अंकही उतरणार. म्हणून आधी थंड असताना वायू सोडायचा, मग झाकणाच्या क्रेटमध्ये उबेला ठेवून दर दोन दिवसांनी थंड करून पुन्हा वायू सोडायचा. एवढा खटाटोप पाच-सहा बाटल्यांसाठी करण्यापेक्षा त्या ओतून द्याव्यात.

पुढचा बॅच कसा लावायचा

मॅश ६८ ऐवजी ६६ अंशाला. भरीवपणा ओट्स देतीलच, आणि कापायला डेक्स्ट्रिनच कमी उरली तर क्रीपला खायला कमी.

ड्राय हॉपआधी ग्रॅव्हिटीबरोबर डायअ‍ॅसिटिलची चाचणीही. दोन ग्लासात थोडी बियर घ्यायची. एक झाकून ६५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवायचा, मग दुसऱ्याइतका थंड करून दोन्ही हुंगायचे. उष्णतेने लपलेल्या अ‍ॅसिटोलॅक्टेटचं डायअ‍ॅसिटिल होतं, त्यामुळे गरम केलेल्यात लोणी आलं आणि दुसऱ्यात नाही, तर काम बाकी आहे. दोन्हींत आलं तरी बाकीच आहे.

मग बियर १४ अंशावर एक-दोन दिवस ठेवून बरंच यीस्ट खाली बसवायचं, पण सगळं नाही. बाटलीत किण्वन करायचं असेल तर पुन्हा १९ अंशावर आणून हॉप्स टाकायचे. तेल उतरायला दोन ते तीन दिवस पुरतात. त्यानंतर हॉप्सची पिशवी काढली तर पाल्याची चव टळते, पण क्रीप थांबत नाही. एन्झाइम तोवर बियरमध्ये विरघळलेलं असतं, ते पिशवीबरोबर बाहेर येत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात.

म्हणून हॉप्स काढल्यावरही बियर त्याच उबेला ठेवून पुन्हा वाचन घ्यायचं, तीन दिवसांच्या अंतराने सलग दोनदा एकच आकडा येईपर्यंत. शिवाय वरची गरम-थंड चाचणी स्वच्छ निघेपर्यंत. याला आणखी आठवडाभर लागेल, कधी दहा दिवस. या काळात झाकण कमीत कमी उघडायचं, कारण किण्वन संपत आलेल्या हॉप्सच्या बियरला ऑक्सिजन चालत नाही. नळ असलेला फर्मेंटर असेल तर नमुना तिथूनच घ्यावा. प्रायमिंगची साखर मात्र अंदाजाने कमी करू नये. क्रीप किती उरला आहे हे कुणालाच बाहेरून सांगता येत नाही, आणि तो थांबला असेल तर बियर मिळमिळीत राहील.

केगमध्ये (धातूच्या बंद पिंपात) भरणाऱ्याला दुसरी वाट आहे. यीस्ट नीट बसवून १२ अंशांवर किंवा त्याखाली हॉप्स टाकायचे, तीन दिवसांनी शून्याजवळ नेऊन केग भरायचा, आणि तो शेवटपर्यंत थंडच ठेवायचा. तिथे एन्झाइमही संथ आणि यीस्टही. हाच क्रम बाटलीसाठी वापरला तर बाटली उबेला येताच पुन्हा हेच प्रकरण घडेल.

एएलडीसी नावाचं एन्झाइम हॉप्सबरोबर घातलं तर अ‍ॅसिटोलॅक्टेटचं थेट अ‍ॅसिटोइन होतं आणि लोण्याचा वास तयारच होत नाही. मात्रा पाकिटावरची घ्यावी. आधी तयार झालेलं डायअ‍ॅसिटिल मात्र त्याने जात नाही, आणि वायूवर त्याचा काही परिणाम नाही. लुपुलिनच्या (हॉप्सच्या फुलातल्या राळ-तेलाच्या कणांच्या) पावडरीत पाकळ्यांचा अंश कमी असल्याने, आणि तेवढ्याच सुगंधाला निम्मं वजन पुरत असल्याने, क्रीप सौम्य होतो, पण शून्य होत नाही.

बाटल्या भरताना एक अर्ध्या लिटरची सोड्याची प्लास्टिक बाटलीही त्याच बियरने भरावी आणि बाकीच्यांच्या शेजारीच ठेवावी. रोज एकदा दाबून पाहायची. न उघडलेल्या सोड्याइतकी कडक झाली की वायू पुरेसा झाला. त्यानंतरही ती आणखी ताठ होत राहिली आणि बूड फुगू लागलं, तर काचेच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी थंडीत जायला हव्यात.